सिस्टीमच्या पायथनला हात लावू नकोस

एकाच उबुंटूवर (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीमवर) पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.८ आणि ३.१२ अशा दोन आवृत्त्या कशा ठेवायच्या, असं विचारलंस ना? आधी एक लक्षात ठेव: उबुंटूसोबत आलेला पायथन तुझा नाही, सिस्टीमचा आहे. तो काढू नकोस आणि 'पायथन३' या कमांडची लिंकही दुसऱ्या आवृत्तीकडे वळवू नकोस. उबुंटूची बरीच साधनं त्याच्याच जिवावर चालतात. लिंक बदलल्यावर टर्मिनलच (कमांड टाइप करायची खिडकी) उघडेना, असं अनेकांचं झालंय.

दोन्ही आवृत्त्या हव्यात तर पायएन्व्ह टाक, म्हणजे पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं साधन. त्यात जादू काही नाही. ते पाथच्या (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला आपलं फोल्डर घालतं, त्यामुळे 'पायथन' टाइप केलं की हाक आधी त्याच्याकडे जाते आणि ते योग्य आवृत्ती पुढे करतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'पायएन्व्ह लोकल' कमांड आवृत्ती क्रमांकासह दिलीस की तिथे त्या आवृत्तीची नोंद असलेली एक छोटी फाइल तयार होते. ती गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाक, टीममधले आशीर्वाद देतील.

पायएन्व्ह पायथन सोर्सवरून (मूळ कोडपासून) बिल्ड करतं, म्हणून ओपनएसएसएल (सुरक्षित कनेक्शनसाठीची, म्हणजे एसएसएलची लायब्ररी) वगैरेची डेव्हलपमेंट पॅकेजेस आधी घे. नाहीतर बराच वेळ पंखा घरघरून शेवटी एसएसएल नाही म्हणून गाडी अडेल.

आणि हो, पायएन्व्ह फक्त आवृत्ती सांभाळतं. पॅकेजेससाठी दर प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह (त्या प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणारं एन्व्हायर्नमेंट) लागतंच. ३.८चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४मध्ये संपलाय, तेव्हा नवीन काही त्यावर सुरू करू नकोस.