रात्रीच्या येरझाऱ्या आणि भाड्याचे घर

प्रश्न : मी 31 वर्षांची आहे आणि ठाण्यात भाड्याच्या घरात एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी मला ऑटिझम असल्याचे निदान झाले. दिवसभराचा ताण उतरावा म्हणून रात्री अकरानंतर मी घरात येरझाऱ्या घालते आणि गुणगुणते. खालच्या कुटुंबाने दोनदा तक्रार केल्यावर सोसायटीच्या समितीने मला कार्यालयात बोलावले. तिथे सात-आठ जण एकदम प्रश्न विचारू लागले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याला त्यांनी उर्मटपणा म्हटले. चार महिन्यांनी करार संपतो. ‘तेव्हा बघू’ असे घरमालक म्हणतात. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. वरच्या घरात ड्रिल चालते तेव्हा मी कान दाबून बाथरूममध्ये बसते, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. हे घर गेले तर मी काय करू?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला ‘उर्मटपणा’ हा शब्द मला सर्वांत जास्त टोचला. सात-आठ माणसे एकाच वेळी बोलत असताना ज्या व्यक्तीला शब्द सापडत नाहीत, तिच्या गप्प बसण्याला उद्धटपणा ठरवणे हा अन्याय आहे. म्हणून रविवारी पहिली दुरुस्ती बैठकीच्या पद्धतीत व्हायला हवी; आवाजाचा विषय त्यानंतर येतो.

त्याआधी घराबद्दलचे खरे ते सांगते, कारण खोटा धीर तुमच्या उपयोगाचा नाही. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा, असणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 नुसार अशा कराराची मुदत संपली की घर रिकामे करावे लागते, न केल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते, आणि करार पुढे वाढवण्याची सक्ती मालकांवर नसते. मात्र मुदत चालू असताना समितीचे सचिव तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाहीत. तो अधिकारच त्यांना नाही. मालकांनाही करारातल्या अटी पाळाव्या लागतात, तेव्हा नोटिशीची आणि लॉक-इनची (ठरावीक काळ करार मोडता न येण्याची) कलमे आजच काढून वाचा. करार नोंदणीकृत आहे ना, हेही पाहा. नोंदणी करून घेणे ही कायद्याने मालकांची जबाबदारी आहे.

दुसरा आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. त्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे, आणि त्यातल्या खासगी आस्थापनांच्या व्याख्येत सहकारी संस्थाही, म्हणजे तुमच्यासारखी सोसायटीही, येते. समितीच्या सदस्यांना बहुधा याची कल्पना नसते. हा कायदा दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई करतो आणि वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीसाठी सहज करता येण्याजोगा बदल, नाकारणे हाही भेदभावच मानतो. पण एखादी कृती योग्य हेतूसाठी असेल आणि त्या हेतूच्या प्रमाणात असेल, तर तिला तो मुभाही देतो. खालच्या घरातल्यांची झोप हा योग्य हेतू आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करू. त्यासाठी तुम्हाला सतरंजी अंथरायला सांगणे प्रमाणात बसते. दोन तक्रारींवरून थेट घर सोडायला लावणे माझ्या मते बसत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले नसेल तर त्यासाठीच्या स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून ठेवा. प्रकरण चिघळलेच तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. परंतु तो शेवटचा दरवाजा आहे, पहिला नव्हे.

आता येरझाऱ्यांकडे वळू. त्या बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण त्याच तुम्हाला शांत करतात. प्रश्न त्या कुठे आणि कशावरून घालायच्या एवढाच आहे. इमारतीत बहुधा एकाखाली एक सारखीच घरे असतात, त्यामुळे तुमच्या शयनगृहाखाली त्यांचे शयनगृह आणि तुमच्या स्वयंपाकघराखाली त्यांचे स्वयंपाकघर असणार. शयनगृह सोडून स्वयंपाकघर ते दिवाणखाना असा मार्ग ठरवा, त्यावर जाड रबरी मॅट आणि वर सतरंजी टाका, आणि मऊ तळव्याच्या सपाता वापरा. आपण टाच टेकून चालतो तेव्हा तो धक्का थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खाली घणासारखा ऐकू येतो; वर चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून एक करा. मैत्रिणीला तुमच्या घरात चालायला सांगा आणि खालच्या बाईंच्या परवानगीने त्यांच्या शयनगृहात पाच मिनिटे उभ्या राहा, आधी मॅटशिवाय आणि मग मॅट टाकून. त्यांनाही तो फरक तुमच्याबरोबर ऐकू द्या. माझ्या अनुभवात अशी पाच मिनिटे दहा अर्जांपेक्षा जास्त काम करतात. गुणगुणण्याला मात्र मॅटचा उपयोग नाही. तो आवाज खिडक्यांतून आणि बाथरूमच्या डक्टमधून उतरतो, तेव्हा त्या बाजूची दारे-खिडक्या त्या वेळेपुरती लावून घ्या.

निदानाबद्दल कोणाला किती सांगायचे, हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. मालकांना सांगावे असे मला वाटते, कारण ‘तेव्हा बघू’ म्हणणाऱ्या माणसापुढे कारण आणि उपाय दोन्ही असले तर त्याला हो म्हणणे सोपे जाते. चार महिने थांबू नका. मॅट टाकली की तिचा फोटो पाठवून करार वाढवण्याविषयी आत्ताच विचारा. सोबत हातात पर्याय असावा म्हणून दुसऱ्या घरांची चौकशीही चालू ठेवा. ती तयारी आहे, हार नाही.

आणि ड्रिलचे दुःख गिळून बसू नका. वरच्या घरातले काम कोणत्या दिवशी, किती वाजता चालणार हे दोन दिवस आधी कळावे, एवढे मागणे अगदी वाजवी आहे. आधी कळले तर तुम्ही त्या वेळी बाहेर जाऊ शकाल.

हे सारे शुक्रवारपर्यंत लेखी द्या आणि पोच घ्या. सुरुवात अशी करता येईल : ‘मला ऑटिझम आहे. अनेकजण एकाच वेळी बोलू लागले की मला उत्तर देता येत नाही. मागील बैठकीत तेच झाले. कृपया आपले प्रश्न लेखी द्यावेत आणि रविवारी एक व्यक्ती सोबत आणण्यास संमती द्यावी. रात्रीच्या आवाजासाठी मी पुढील उपाय केले आहेत.’ त्याखाली मॅट, बदललेला मार्ग आणि ड्रिलच्या पूर्वसूचनेची विनंती लिहा. एक प्रत मालकांना पाठवा, आणि खालच्या बाईंना मात्र कागद न देता स्वतः जाऊन भेटा. बोलणे जड गेले तर तेच पत्र त्यांच्या हाती ठेवा.