मुलाला डस्ट माइटची ॲलर्जी आहे, घरात काय काळजी घ्यावी?

सकाळी उठल्याउठल्या मुलाला सटासट शिंका आणि तपासणीत डस्ट माइटची, म्हणजे घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म जीवांची ॲलर्जी निघाली, तर सुरुवात अंथरुणापासून करा. हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, चावतही नाहीत. आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. गादी-उशीला चेनची माइटप्रूफ खोळ घाला. चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. नुसत्या उन्हावर विसंबू नका. माझ्या लेकीचं कापडी अस्वल गरम पाण्यात टिकणार नाही, म्हणून मी ते पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवते, मग धुते. त्याच्याशिवाय ती झोपतच नाही हो! केर काढताना तिला बाहेर पाठवते, फडकं ओलंच. पावसाळ्यात झोपायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. छातीत घरघर ऐकू आली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या.