भाकीत चुकलं, फसलं की खोटं ठरलं?

दर्यापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्या जगबुडीच्या टळलेल्या तारखांवर टिपण लिहिताहेत. 'भाकीत' या शब्दापुढे चुकलं, फसलं, हुकलं, खोटं ठरलं यांपैकी काय लिहावं?

'हुकलं' नको. नेम हुकतो, गाडी हुकते. थोडक्यात निसटलं असा त्याचा सूर. 'चुकलं' चालेल, पण हिशेबात हातचा राहिला इतकंच ते सांगतं. 'फसलं' मात्र बेरकी शब्द आहे. भाकीत फसतं आणि ऐकणारे लोकही फसतात, क्रियापद एकच. फसवणारा दोन्ही वाक्यांत नाही! मला 'खोटं ठरलं' बरं वाटतं, कारण ठरण्यासाठी कुणीतरी पडताळून पाहावं लागतं.

खोच अशी, की चारही वाक्यांत कर्ता भाकीतच. ज्यानं ते केलं तो मोकळा. दिवसाला नाव देतानाही हेच होतं. २२ ऑक्टोबर १८४४ला ख्रिस्त परत येईल आणि जग संपेल म्हणून धर्मोपदेशक विल्यम मिलर यांचे अमेरिकेतले अनुयायी वाट पाहत बसले. आला नाही. त्या दिवसाचं तिथलं रूढ नाव मराठीत आणायचं तर 'मोठा अपेक्षाभंग'. अपेक्षा कुणाची? ऐकणाऱ्याची. म्हणजे दिवसाच्या नावातही सांगणारा सुटला. (खुद्द मिलर यांनी त्याच साली आधीची मुदत टळल्यावर चूक कबूल केली होती, हे सांगायला हवं.)

यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथानं हे जग संपेल म्हणून १९७५ सालावर मोठी आशा बांधली होती. साल सरलं. १९७६मध्ये त्यांच्या 'टेहळणी बुरूज' नियतकालिकाचा सूर असा, की निराश झालेल्यांचा स्वतःचाच समज चुकीच्या पायावर होता. मजकूर छापणाऱ्यांचाही त्यात वाटा होता, हे यायला १९८० उजाडलं. अमेरिकेतले रेडिओ-प्रवचनकार हॅरल्ड कॅम्पिंग यांनी जगबुडीसाठी दिलेली २१ मे २०११ टळली, मग २१ ऑक्टोबरही टळली. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या पत्रात 'आम्ही चुकलो' आलं. 'भाकीत चुकलं' आणि 'आम्ही चुकलो' यांत फरक फक्त कर्त्याचा, पण तेवढ्यासाठी माणसं वर्षं घेतात.

आता मूळ शब्द. भाकणे म्हणजे बोलणे. 'करुणा भाकणे'त ते अजून जिवंत आहे. त्याच घरातली 'भाक', म्हणजे वचन. भाक मोडली तर मोडणाऱ्याचं नाव निघतं. भाकिताला ते बंधन आपण कधी लावलंच नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं पीकपाण्याचं भाकीत अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव पोचतं. दिवाळीला ते ताडून पाहणारा क्वचित भेटतो.

वऱ्हाडी बोलीला ही अडचण नाही. फेब्रुवारी १९६२च्या अष्टग्रहीत, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले तेव्हा, जग बुडणार म्हणून आमच्या शेजाऱ्यांनी बियाण्याची जवारी दळून खाल्ली. आजी सांगायची, "बावा लबाड बोलला, अन् पेरायले काई उरलं नाई." पुण्याकडे 'लबाड' लाडानंही म्हणतात, आमच्याकडे लबाड बोलणं म्हणजे सरळ खोटं बोलणं, आणि वाक्यात बावा पहिला.

तर बाई, 'भाकीत खोटं ठरलं' असं लिहा, पण त्याआधी 'अमक्यांनी केलेलं' हे दोन शब्द घाला. जागा कमी पडली तर 'जगबुडी'चं चित्र लहान करा.