नवरा बेडकाचं औषध घेऊन आला आणि म्हणतो, हलकं वाटतंय

प्रश्न : मावशी, मी नाशिकची, वय ३९. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, पाठ दुखते, रात्ररात्र झोप नाही. मागच्या महिन्यात एका मित्राबरोबर तो गोव्याला कसल्याशा शिबिराला गेला. तिथे दंडावर जळत्या काडीने पाच चटके दिले आणि त्यावर ॲमेझॉनच्या जंगलातल्या बेडकाच्या अंगचा चीक लावला. ‘कांबो’ म्हणतात त्याला. आधी भरपूर पाणी पाजलं. मग भडाभडा उलट्या, तोंड सुजलं, छातीत धडधड. संध्याकाळी म्हणे इतकं हलकं वाटलं की तो ढसाढसा रडला. आता पुढच्या शिबिराला जोडीने जायचं म्हणतोय, माणशी १८,००० रुपये. गोळ्या दोन दिवस आधीपासून बंद ठेवायला सांगितल्यात. मी नको म्हटलं तर म्हणतो, ‘आदिवासींच्या ज्ञानाला तू अंधश्रद्धा म्हणतेस.’ माझी आजी स्वतः झाडपाल्याचं औषध द्यायची. मला कुणाच्या ज्ञानाचा अपमान करायचा नाही, पण भीती वाटते. मी चुकतेय का?

उत्तर : अगं, तू चुकत नाहीयेस. पण बाकी सगळं बाजूला ठेवून आधी गोळ्यांचं बोलू. रक्तदाबाची गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करायची नसते. काही गोळ्या अशा असतात की एकदम सोडल्या तर दाब उलट उसळतो. ज्या माणसाने त्याला हे सांगितलं त्याने त्याचा दाब एकदा तरी मोजला होता का? त्याच्या डॉक्टरांना फोन केला होता का? नसणारच. तेव्हा पहिलं काम हे, की त्याला त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि शिबिरात काय काय झालं ते लपवाछपवी न करता सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीने लोक अशा गोष्टी दडवतात. रागावू देत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. नवऱ्याशी बोलताना ‘हे थोतांड आहे’ असं म्हणू नकोस. ते थोतांड नाही, आणि मला काळजी वाटते ती त्यामुळेच.

हा बेडूक पानासारखा हिरवागार, पोटाकडून फिका, तळहातावर मावेल एवढा. झाडावर राहतो, रात्री फिरतो, आणि आपल्या बेडकांसारखा टुणटुण उड्या मारत नाही. फांदी बोटांनी धरत धरत सावकाश चालतो. हात लावला तरी पळायची घाई करत नाही, कारण त्याचं संरक्षण त्याच्या कातडीतच आहे. पेरू आणि ब्राझीलच्या सीमेवर राहणारे मात्सेस लोक रात्री त्याच्या आवाजाच्या मागावर जाऊन त्याला आणतात, चारही पाय दोऱ्यांनी ताणून बांधतात, अंगावर सुटलेला पांढरा चिकट स्राव काडीने खरवडून बांबूच्या पट्टीवर वाळवतात आणि बेडकाला परत सोडून देतात. लागेल तेव्हा तो वाळलेला थर थुंकीत कालवायचा, वेलीच्या जळत्या टोकाने कातडीवर बारीक चटके द्यायचे, वरची पापुद्र्याएवढी कातडी काढायची आणि त्या ओल्या ठिपक्यावर तो लेप ठेवायचा. पुढचं तुझ्या नवऱ्याने अनुभवलंच आहे.

व्हित्तोरिओ एर्स्पामेर नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने आयुष्यातली कितीतरी वर्षं बेडकांच्या कातडीतली रसायनं शोधण्यात घालवली. १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्सेसांच्या या औषधाचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यात जे निघालं ते काही पाणी नव्हतं. रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब धाडकन खाली आणणारी द्रव्यं त्यात आहेत. आतडी आणि पित्ताशय आवळणारं एक द्रव्य आहे. शिवाय डर्मॉर्फिन आणि डेल्टॉर्फिन ही अफूच्या जातकुळीची द्रव्यं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत डर्मॉर्फिन मॉर्फिनच्या कितीतरी पट प्रभावी ठरलं आहे. नवऱ्याचं तोंड का सुजलं, छातीत धडधड का झाली, उलट्या का झाल्या, याची उत्तरं याच यादीत आहेत. संध्याकाळी हलकं वाटलं, त्यातलाही काही भाग मला याच यादीत दिसतो.

त्याला एक गोष्ट सांग. २०१२ साली अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांच्या तपासणीत हेच डर्मॉर्फिन सापडलं आणि मोठा गहजब झाला. ते घोड्यांना का टोचत होते? दुखऱ्या पायाचा घोडाही दुखणं विसरून धावावा म्हणून. पाय बरा होत नव्हता. घोड्याला फक्त ते कळत नव्हतं.

तुझ्या नवऱ्याची पाठ, त्याचा दाब आणि त्याची झोप जिथे होती तिथेच आहे. हे मी त्याला खाली पाडायला म्हणत नाहीये. त्याला खरंच हलकं वाटलं असणार, तो खोटं बोलत नाही.

शिबिरात त्यांनी उलटीची बादली दाखवून ‘बघा, शरीरातलं विष निघालं’ असं सांगितलं असेल. पिवळं-हिरवं, कडू, फेसाळ पाणी. तुझ्या आजीने ते बघितलं असतं तर एका शब्दात म्हणाली असती, पित्त पडलं. पित्ताशय आवळल्यावर पित्तच पडणार.

इथे मला माझ्या घरातलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. आमच्याकडे तेव्हा कावीळ ‘उतरवायला’ नेत. एका ओसरीवर त्याला बसवलं, हाताला काहीतरी चोळलं आणि चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पितळेच्या परातीतलं ते पाणी बघता बघता हळदीसारखं पिवळं झालं. आई रडायलाच लागली, सुटलो म्हणून. मीसुद्धा वाकून पाहत होते, आणि मला खरोखर वाटलं की भावाची कावीळ त्या परातीत आहे. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला चोळला की चुन्याचं पाणी कुणाच्याही हाताने पिवळं होतं, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. त्या पिवळ्या पाण्यावर विसंबून आम्ही सहा दिवस घालवले. सातव्या दिवशी तो बरळायला लागला तेव्हा दवाखाना आठवला. तो वाचला, पण ते सहा दिवस आईने स्वतःला कधी माफ केले नाहीत. डोळ्यांना जे दिसतं त्यावर माणसाचा किती पटकन विश्वास बसतो, हे मी त्या परातीजवळ उभी राहून पाहिलंय. म्हणून ती बादली मला पटत नाही.

पाण्याचं वेगळं सांगते, कारण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. कांबोच्या आधी दीड-दोन लिटर आणि कधी त्याहून जास्त पाणी भराभर पाजतात. एवढं पाणी पोटात गेलं आणि वरून उलट्या झाल्या की रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मग डोकं दुखतं, माणूस गोंधळतो, झटके येतात. कांबोनंतर असे रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ऑस्ट्रेलियात २०१९ साली कांबो लावल्यावर थोड्याच वेळात एक बाई कोसळली आणि गेली. ती पहिल्यांदा घेत नव्हती. ‘मागच्या वेळी मला काही झालं नाही’ या बोलण्याला म्हणूनच अर्थ नाही. २०२१ साली त्या देशाने कांबोची विक्री आणि वापर दोन्हींवर बंदी घातली. ज्याला रक्तदाब आहे, हृदयाचा त्रास आहे, फिट्स येतात किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांनी याच्या जवळही जाऊ नये.

आता आदिवासींचा मुद्दा. तुला तो सगळ्यात जास्त टोचलाय हे पत्रावरून कळतं, आणि तो टोचावा असाच आहे. आपल्याकडेही ठाकर, कातकरी, भिल्ल यांच्या औषधी ज्ञानाला शहरी माणसाने वर्षानुवर्षं नाकं मुरडली. पण मान राखायचा तर आधी ते लोक स्वतः काय म्हणतात ते ऐकायला हवं.

मात्सेस पुरुष हे औषध मुख्यतः शिकारीसाठी घेतात. आळस आणि मरगळ जावी, नेम लागावा, जंगलात भूक-तहान सोसावी म्हणून. ब्राझीलच्या आक्रे राज्यातले कातुकिना लोकही तेच सांगतात. शिकारीत लागलेली साडेसाती यामुळे उतरते, असं ते मानतात. त्यांच्यात पुरुषांना हातावर-छातीवर आणि बायकांना पायावर ठिपके देतात. आणि ठिपके देणारं माणूस कोण, याला फार महत्त्व. तो नावाजलेला शिकारी हवा, कष्टाळू हवा, कारण देणाऱ्याचे गुण घेणाऱ्यात उतरतात अशी त्यांची धारणा आहे. देणारा घेणाऱ्याला जन्मापासून ओळखतो. त्याचा बाप कशाने गेला तेही त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी दोघं त्याच नदीवर भेटणार असतात. तुझ्या नवऱ्याला ठिपके देणाऱ्याला त्याचं आडनाव तरी माहीत होतं का?

हे औषध जंगलातून ब्राझीलच्या शहरांत पोचलं आणि दवाखान्यांतून, शिबिरांतून विकलं जाऊ लागलं, तेव्हा कातुकिना लोकांनीच २००३ साली सरकारच्या पर्यावरण खात्याकडे तक्रार नेली, की आमचं ज्ञान आम्हाला न विचारता बाजारात नेलं जातंय. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या औषध नियामकाने कांबोच्या गुणांची जाहिरात करायला मनाई केली. या बेडकाच्या रसायनांवर बाहेरच्या लोकांनी पेटंटं काढली ती वेगळीच. हळदीचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं आणि डॉ. माशेलकरांच्या पुढाकाराने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, तेव्हा आपल्याला किती अभिमान वाटला होता, आठवतं ना? त्या लोकांचं दुखणं तेच आहे. मात्सेसांनी तर २०१५ साली आपल्या औषधांचा पाचशे पानांचा ज्ञानकोश फक्त मात्सेस भाषेत लिहून काढला, म्हणजे तो बाहेरच्या कुणाच्या हाती लागू नये. त्यात भर आहे तो वनस्पतींवर.

ज्या लोकांनी आपलं ज्ञान असं जपून ठेवलं, त्यांच्या नावाने १८,००० रुपये घेणाऱ्याला तुझा नवरा आदिवासींचा प्रतिनिधी समजतोय. त्या पैशातला एक रुपया तरी तिकडे जातो का, हे त्याने विचारावं. आणि तुझी आजी घरी आलेल्याची नाडी बघायची, ‘आधी काय घेतलंस’ विचारायची, आणि आपल्या आवाक्यातलं नसेल तर ‘तालुक्याला घेऊन जा’ म्हणायची ना? बहुतेक जाणत्या बायका तशाच असतात. तिचा वारसा तुझ्या भीतीतही आहे.

पण खरं सांगू का, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दापाशी थांबले. तो रडला. आठ महिने घरात बसलेला, रात्री छताकडे बघत पडून राहणारा चाळिशीचा पुरुष. घरात रडायला त्याला जागा नव्हती. मुलांसमोर नाही, तुझ्यासमोर नाही, स्वतःच्या आई-वडिलांसमोर तर मुळीच नाही. तिथे कुणीतरी त्याचं डोकं धरलं, पाठीवरून हात फिरवला, बादली पुढे केली आणि ‘येऊ दे बाहेर’ म्हटलं. तो परत जायला निघालाय तो त्या हातासाठी, असं मला फार वाटतं. म्हणून वादात बेडूक आणू नकोस. त्याला विचार, ‘त्या दिवशी काय आठवून रडू आलं?’ आणि मग गप्प बस. तो लगेच बोलणार नाही. दोन दिवसांनी, भांडी लावताना किंवा गाडीवर मागे बसलेली असताना बोलेल. मधे सल्ला देऊ नकोस, ‘होईल सगळं नीट’ असंही म्हणू नकोस.

झोप नाही, आठ महिने झाले, म्हणजे हे मनाचं आजारपण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. त्याने नाही केला तर तू स्वतः कर. तुझेही आठ महिने गेलेत, ते तू पत्रात कुठेच लिहिलं नाहीस.

शिबिराला तू जाऊ नकोस. त्याच्या काळजीपोटी ‘मी सोबत असले तर बरं’ असं तुझ्या मनात येईल, पण तू तिथे असल्याने त्याचं रक्त आणि हृदय वेगळं वागणार नाही. त्याला स्वच्छ सांग, ‘मी येणार नाही, आणि तू जाऊ नयेस असं मला वाटतं, कारण मला तू हवा आहेस.’ हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. तरीही तो गेलाच, तर सोबत जाणाऱ्या मित्राला फोन करून सांगून ठेव : शुद्ध हरपली, बोलणं असंबद्ध झालं, झटका आला, छातीत दुखलं, तर ‘औषध काम करतंय’ असं कुणीही म्हटलं तरी ऐकायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. आणि डॉक्टरांना कांबोचं नाव आणि किती पाणी प्यायला ते दोन्ही सांगायचं.

आणि आज रात्री तो झोपला किंवा नुसता पडला की त्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून बघ. तारखेप्रमाणे जितक्या संपायला हव्यात तितक्या संपल्यात का, मोज. मला शंका आहे की त्याने मागच्या शिबिराच्या वेळी बंद केल्या त्या पुन्हा सुरूच केलेल्या नाहीत.

— मावशी