पहिल्या कार्यक्रमात काय गाशील?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी गायला परवानगी दिली हे वाचून जिवात जीव आला. स्वरतंतूंच्या ऑपरेशननंतर इतके महिने गप्प बसणं गाणाऱ्या माणसाला किती जड जातं ते मी जाणते. पण पुढे तू लिहिलंस की पहिल्याच कार्यक्रमात तुझं ते तार सप्तकातलं जुनं गाणं घेणार, म्हणजे 'हिचा आवाज गेला' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. तिथे माझं मन अडकलं. म्हणून हे पत्र.

आना गेर्मान हे नाव तू बहुधा ऐकलं नसशील. पोलंडची अतिशय लाडकी गायिका. जन्म 1936 चा, तोही पोलंडपासून दूर, उझबेकिस्तानातल्या उर्गेंचचा. ती अगदी तान्ही असताना स्टालिनच्या पोलिसांनी वडिलांना पकडून नेलं आणि पुढे गोळ्या घातल्या. आईने नंतर एका पोलिश अधिकाऱ्याशी लग्न केलं, तोही युद्धात गेला. त्या नात्याच्या आधाराने 1946 मध्ये मायलेकी पोलंडला आल्या. व्रोत्स्वाफच्या विद्यापीठात तिने भूगर्भशास्त्राची पदवी घेतली. गायची ती विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत. (हे तुझ्या आईला जरूर वाचून दाखव. तू पदवी पूर्ण केलीस म्हणून गाण्याची वर्षं वाया गेली, असं त्यांना उगाच वाटतं.)

1964 मध्ये पोलंडमधल्या ओपोलेच्या गीतमहोत्सवात कातारझिना गेर्टनर या तरुण संगीतकार बाईंनी बांधलेलं 'तान्चोंत्से एउरिदिकी' तिने गायलं आणि देशभर तिचं नाव झालं. मग इटलीतल्या रेकॉर्ड कंपनीशी करार, 1967 मध्ये थेट सान रेमो या तिथल्या नामांकित गीतमहोत्सवाचा मंच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फोर्लीचा कार्यक्रम आटोपून रात्री मिलानकडे निघाली असताना गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागली. ती गाडीबाहेर फेकली गेली. हाडं मोडली, बरेच दिवस शुद्ध नव्हती, कित्येक महिने प्लास्टरमध्ये गेले. पुढचा काळ उठणं, बसणं, चालणं नव्याने शिकण्यात गेला.

आता नीट वाच. 1970 मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली. तिचा गळा स्वच्छ, उंच. मनात आणलं असतं तर पहिल्याच गाण्यात सगळ्यांना गप्प करता आलं असतं. पण त्या परतीची खूण म्हणून लोकांच्या मनात राहिलं ते 'च्वोव्येची लोस', म्हणजे 'माणसाचं नशीब'. शब्द अलिना नोवाक यांचे आणि चाल आनाची स्वतःची, त्या आजारपणातलीच. माणसाचं नशीब म्हणजे परीकथा नव्हे, साधे करडे दिवस असतात आणि त्यांना हसून सामोरं जायचं असतं, एवढंच ते गाणं सांगतं. त्यात गळ्याची करामत नाही. तिने काय सोसलं होतं ते ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून तो एकेक शब्द तिच्या तोंडी खरा वाटला. ही निवड मला तिच्या साऱ्या बक्षिसांहून मोठी वाटते.

पुढचं यशही याच वाटेने आलं. अलेक्सांद्रा पाख्मुतोवांचं 'नाद्येझ्दा' हे रशियन गाणं इतरांनीही गायलं, पण सोव्हिएत घराघरांत ते ओळखलं गेलं आनाच्या आवाजाने. 1977 च्या एका चित्रपटासाठी गायलेलं 'एखो ल्युब्वी' (प्रेमाचा प्रतिध्वनी) मिळवून ऐक. ध्रुवपदात 'एखो' हा शब्द परत परत येतो. आपण असतो तर प्रत्येक वेळी जोर वाढवला असता. ती वाढवत नाही, शब्द अलगद सोडते आणि पुढे जाते. पाच-सहा वेळा ऐक, फक्त तेवढी जागा. 1982 मध्ये हाडांच्या कर्करोगाने ती गेली तेव्हा अवघी 46 वर्षांची होती. या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

तर तुझं. तू काळी पाचला गात होतीस, सध्या पट्टी खाली आणून काळी चारला ये आणि कुणी विचारलं तर सरळ सांग. स्पीच थेरपिस्टनी नेमून दिलंय तेवढाच रियाज, वर एक मिनिट नाही. ते जुनं गाणं निदान सहा महिने बाजूला ठेव. त्यात वरच्या षड्जावर जो ठहराव आहे, तिथे तू गाण्याकडे बघणार नाहीस, घशाकडे बघशील, आणि समोरचे लोकही तेच बघतील. मध्य सप्तकातलं, विलंबित चालीचं, शब्दांवर उभं असलेलं काहीतरी निवड. तुझा तो चाली लावणारा मित्र आहे ना, त्याला घेऊन बस. या गप्प महिन्यांत तू वहीत जे खरडलंस म्हणालीस, त्यातलं काही निघतंय का बघा. निवेदकालाही आधीच सांगून ठेव, ऑपरेशनचा उल्लेख नको.

गाणं ठरलं की रेकॉर्डिंग पाठवू नकोस. आधी नुसते शब्द कागदावर लिहून पाठव, कुठे श्वास घेणार त्या खुणा करून.

तुझी,
ताई