बेकरीची जागा ठरवण्यासाठी दुकानांच्या ठिकाणांचा विकतचा डेटा घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की कर्वेनगरात नदीकडच्या बाजूला बेकरीसाठी दोन गाळे बघून ठेवलेत, आणि एक जण पुण्यातल्या सगळ्या बेकऱ्यांची लोकेशनसह एक्सेल फाइल विकायला तयार आहे. ती घेऊन नकाशावर टाकली तर कुठला गाळा घ्यायचा ते ठरेल का?

आत्ताच पैसे देऊ नका. मी जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती जुळवण्याचं काम करतो. ठिपके नकाशावर टाकायला फार वेळ लागत नाही. खरं काम आहे ते त्यातला कुठला ठिपका खरा, हे ठरवण्याचं. आणि तुमच्या कामापुरता डेटा फुकटही मिळतो.

फोरस्क्वेअर या ठिकाणांचा डेटा जमवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभरातल्या दहा कोटींहून जास्त ठिकाणांची यादी खुली केली. ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन ही अॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी डिसेंबर २०२२ मध्ये उभी केलेली संस्था, तिचाही ठिकाणांचा संच मोकळा आहे. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, त्यावरच्या बेकऱ्या ओव्हरपास टर्बो या वेबसाइटवरून काढता येतात. आपल्याकडे त्यात दुकानं कमीच भरलेली आहेत, रस्ते मात्र चांगले आहेत आणि ते पुढे लागतील. सगळं उघडायला क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. गूगल मॅप्सवरून उचललेला डेटा कोणी विकत असेल तर लांब राहा. प्लेस आयडी, म्हणजे गूगलने प्रत्येक ठिकाणाला दिलेला ओळख-संकेत, सोडला तर ती माहिती आपल्याकडे कायमची साठवून ठेवायला गूगलच्या अटींत परवानगी नाही.

फाइल हातात आली की नकाशा काढायच्या आधी अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांकडे नीट बघा. वेगवेगळ्या पत्त्यांच्या पाच-सात बेकऱ्या शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत एकाच बिंदूवर दिसल्या, तर तो बिंदू बहुधा पिनकोडच्या हद्दीचा मध्य असतो. दुकानाची जागा सापडली नाही म्हणून संगणकाने सगळी तिथे नेऊन ठेवलेली असतात. मग नकाशावर तिथे लालभडक गर्दी दिसते आणि प्रत्यक्षात तिथे एखादं मैदान असतं. दशांश चिन्हापुढे दोनच आकडे असतील तर जागा एखाद्या किलोमीटरने इकडेतिकडे असू शकते, चार असतील तर दहा-अकरा मीटरपर्यंत नेमकी येते. एकच दुकान मराठीत एकदा, रोमन लिपीत एकदा आणि 'श्री' लावून आणखी एकदा नोंदलेलं असतं, म्हणून पन्नास मीटरच्या आतली सारख्या नावांची दुकानं एकेक करून तपासा. बंद पडलेली दुकानं नकाशावर वर्षानुवर्षं जिवंत राहतात. फोरस्क्वेअरच्या संचात नोंद शेवटची कधी ताजी केली आणि दुकान कधी बंद झालं, याचे वेगळे रकाने असतात. ओव्हर्चरमध्ये प्रत्येक नोंदीच्या खात्रीचा शून्य ते एकमधला आकडा असतो. हे रकाने गाळून दिलेली फाइल स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

आता अंतर. बहुतेक जण गाळ्याभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढतात आणि आतली घरं नि दुकानं मोजतात. तुमच्या बाबतीत तसं केलंत तर फसाल, कारण मधे मुठा आहे. वर्तुळात पलीकडचं विठ्ठलवाडी आणि सिंहगड रोडही येईल. पण तिकडच्या माणसाला पाव घ्यायला राजाराम पुलावरून वळसा घालून यायला लागेल, आणि पावासाठी कोणी तेवढं येत नाही. म्हणजे तुमचं अर्धं वर्तुळ नुसतं कागदावरचं. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते घ्या आणि त्यांवरून चालत दहा मिनिटांत कुठवर पोचता येतं, तेवढाच भाग काढा. क्यूजीआयएसमध्ये ही सोय आहे. त्याआधी डेटा ईपीएसजी ३२६४३ या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, हा तिचा क्रमांक) न्या, म्हणजे अंतरं अंशांऐवजी मीटरमध्ये येतील.

गिऱ्हाईक कसं वाटलं जाईल याचा अंदाज बांधायला डेव्हिड हफ यांनी १९६० च्या दशकात मांडलेलं मॉडेल अजूनही वापरतात. दुकानाचा आकार भागिले अंतराचा वर्ग, एवढंच धरून चाला. एका घरापासून तुमची बेकरी ३०० मीटरवर आणि तेवढीच मोठी दुसरी ६०० मीटरवर असेल, तर हिशोब चारास एक येतो, म्हणजे ८० टक्के शक्यता तुमची. ती दुसरी दुप्पट मोठी असेल तर तुमचा वाटा ६७ टक्क्यांवर येतो. पाव-खारीला हे बरंचसं लागू पडतं. वाढदिवसाच्या केकसाठी मात्र लोक लांब जातात, तिथे अंतराचा जोर कमी धरायचा. म्हणून आधी तुमचं ठरवा, रोजचा पाव विकायचाय की ऑर्डरचे केक. त्यावर नकाशाच बदलतो.

आणि नकाशावरची मोकळी जागा बघून हुरळू नका. तिथे बेकरी नाही, कारण तिथे टेकडी असेल, लष्कराची हद्द असेल, किंवा दोघं आधीच गाशा गुंडाळून गेले असतील. उलट गर्दीही दर वेळी वाईट नसते. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची आणि लक्ष्मी रोडवर कापडाची दुकानं एकमेकांना खेटून आहेत, आणि म्हणूनच लोक तिथे जातात. पावाला तसं होत नाही, केकला थोडंफार होतं.

लोकसंख्येचे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. त्यानंतर या भागात इतक्या इमारती झाल्यात की त्यांवर मी तरी एकही निर्णय घेणार नाही. दहा मिनिटांच्या त्या पट्ट्यात फिरून सोसायट्यांच्या दारातले नावांचे फलक मोजा. सकाळी सहा ते आठ दूध केंद्रासमोर उभं राहून माणसं कुठून येतात नि कुठे वळतात ते बघा, कारण दूध घेतलेला माणूस पाव त्याच वाटेवर घेतो. दोन्ही गाळ्यांपुढे हे करा.

एवढं करूनही विकतची फाइल हवीशी वाटली, तर त्या माणसाकडे फक्त कर्वेनगरच्या नोंदी नमुना म्हणून मागा. त्या घेऊन पायी फिरा आणि दुकान आहे, नाही, की हललंय अशी खूण करत जा. चारातलं एक दुकान जागेवर नसेल तर बाकी शहराची यादीही तशीच धरा. नमुना द्यायला तो तयार नसेल, किंवा डेटा आणला कुठून हे सांगत नसेल, तर व्यवहार करू नका.