बंद पडलेल्या वनरोपवाटिकेच्या जमिनीत जुनी कीटकनाशकं मुरली असतील तर माती साफ कशी करावी?

नांगर घालू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच ऐका.

तुम्ही लिहिलंय की जागा चार एकर आहे, पूर्वी तिथे वनीकरणासाठी रोपं तयार करायची रोपवाटिका होती, कडेला लाकडाचा डेपो. पंचवीसेक वर्षं सगळं बंद. गोदामात गंजलेले डबे आणि फाटक्या गोण्या निघाल्या, एका बाजूच्या मातीला कुबट वास येतो. तुमचा प्रश्न असा की वरची एक फूट माती उचलून टाकली की झालं, की चुना मिसळून नांगरून घेऊ? शिवाय विहिरीचं आणि कोंबड्यांचंही विचारलंय. मी बरीच वर्षं दूषित जमिनींचे नमुने घेण्याचं काम करतोय. अशा जुन्या रोपवाटिका त्यात चार-पाच येऊन गेल्या.

आधी साधा हिशेब करू. चार एकरांवरची एक फूट माती म्हणजे जवळजवळ ४,९०० घनमीटर, वजनात सुमारे ६,९०० टन. दहा टनी ट्रक धरला तर सातशेच्या आसपास खेपा. आता त्या मातीत विष किती असेल? समजा, दहा टक्क्यांच्या बीएचसी (जुनं क्लोरीनयुक्त कीटकनाशक) पावडरची २५ किलोची एक गोणी तिथे सांडली किंवा पुरली गेली. तिच्यात मूळ विष अडीच किलो. ते पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल एवढ्याच जागेत असेल, तर साडेसतरा टन मातीत १४० पीपीएमच्या वर प्रमाण जातं. (एक पीपीएम म्हणजे किलोभर मातीत एक मिलिग्रॅम.) हे फार वाईट, पण दोन ट्रकांत आटपणारं. तेच अडीच किलो तुम्ही नांगरून, कुळवून चार एकरांत पसरवलंत तर सगळीकडे ०.३६ पीपीएम होईल. आकडा लहान दिसेल, पण आता ते परत गोळा करायची सोय उरली नाही. दोन ट्रकांचं काम तुम्ही सातशे ट्रकांचं करून ठेवलंत.

म्हणून अशा जागेत खरी मेहनत असते ती शोधण्यात. उचलणं त्या मानाने सोपं.

सगळे पहिल्यांदा गोदामापाशी जातात. मीही गेलो होतो. एका जागी गोदामाभोवती नऊ नमुने घेतले आणि नऊच्या नऊ जवळपास स्वच्छ आले. मालकाचा जीव भांड्यात पडला. मला मात्र चैन पडेना, कारण गोदामात डबे होते ते पाच-सहा वेगवेगळ्या औषधांचे, मग ती वापरली कुठे? शेवटी तिथे पूर्वी पिशव्या भरायला जाणाऱ्या एका आजींना गाठलं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "गोदामात वास मारायचा म्हणून औषध बाहेर झाडाखाली कालवायचे, नळापाशी." नळ केव्हाच गेला होता. गवतात शोधल्यावर कापलेल्या पाइपाचा तुकडा सापडला आणि त्याच्या उतारावर परातीएवढी जागा, जिथे गवतही धड उगवलं नव्हतं. तिथे हाताचा ऑगर, म्हणजे जमिनीतून माती काढायचं गिरमिट, फिरवला. पहिली वीतभर माती नेहमीसारखी तांबूस. मग साधारण चाळीस सेंटिमीटरवर पात्यात पांढुरका, ठिसूळ थर आला, खडूचा चुरा ओल्या मातीत मळावा तसा. मी मास्क लावला होता, त्यामुळे पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाने नाकाला रुमाल लावला तेव्हाच मला कळलं की वास किती आहे. पंप धुतलेलं पाणी वर्षानुवर्षं त्या खोलगट जागेत जिरत होतं, आणि उरलेली पावडर कोणीतरी तिथेच खड्डा करून पुरली होती.

तेव्हा तुमच्या जागेचा जुना नकाशा मिळवा, तिथे राबलेली माणसं शोधा आणि विचारा: औषध कुठे कालवायचे? पंप कुठे धुवायचे? रोपं लावायला पाठवण्याआधी द्रावणात बुडवायची टाकी होती का, आणि तिचं पाणी कुठे सोडायचे? रिकामे डबे कुठे पुरले, कुठे जाळले? डेपोत लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काय फासायचे? आणि पावसाचं पाणी कुठल्या चरातून बाहेर जातं, हे स्वतः पावसात उभं राहून बघा.

काय सापडेल याचा अंदाज काळावरून येतो. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि पुढची तीन दशकं जगभर जंगलांवर ते विमानाने फवारलं गेलं, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये तर १९५२ पासून वर्षानुवर्षं. रोपवाटिकांत हुमणी आणि वाळवीसाठी बीएचसी, ऑल्ड्रिन, डायएल्ड्रिन, हेप्टाक्लोर. रोपांवरच्या सोंडेकिड्यांसाठी आधी डीडीटी, मग लिंडेन (बीएचसीतलाच कीटक मारणारा घटक). झुडपं मारायला २,४,५-टी, ज्यात तयार होतानाच डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाची भेसळ यायची. लाकडाच्या डेपोत पेंटाक्लोरोफिनॉल, क्रिओसोट, किंवा तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण. आर्सेनिक तर त्याहून जुनं: लेड आर्सेनेट हे औषधच मुळात १८९२ मध्ये अमेरिकेत झाडांची पानं खाणाऱ्या एका सुरवंटाविरुद्ध तयार झालं. निसर्गात लवकर न मोडणाऱ्या विषांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने पहिल्या फेरीत ज्या बारा रसायनांना हात घातला त्यांतली नऊ अशीच शेती-जंगलात वापरली जाणारी होती. लिंडेन त्या यादीत २००९ साली आलं.

ही सगळी एका माळेचे मणी नाहीत, आणि इथेच लोक फसतात. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते मातीच्या सेंद्रिय भागाला चिकटून बसतं, त्यामुळे जमीन हलवली नसेल तर बहुतेक वरच्या फूटभरातच सापडतं. धोका धुळीचा आणि वाहून जाणाऱ्या गाळाचा. लिंडेनचं तसं नाही. लिटरभर पाण्यात ते सात मिलिग्रॅमपर्यंत विरघळतं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे लिटरला दोन मायक्रोग्रॅम. म्हणजे पूर्ण मुरलेलं पाणी मर्यादेच्या साडेतीन हजार पट. म्हणून लिंडेन किंवा बीएचसी निघालं की विहीर आधी. मॅलॅथिऑन, मिथाइल पॅराथिऑनसारखी फॉस्फरसवाली औषधं मातीत बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोडतात, त्यामुळे पंचवीस वर्षांनी मातीत त्यांची भीती कमी. पण बंद डब्यात ती अजून जिवंत असू शकतात आणि त्वचेतून शरीरात जातात. आर्सेनिक हे मूलद्रव्यच, ते मोडायचा प्रश्नच नाही. त्यावर फॉस्फेटचं खत टाकलंत तर ते मातीच्या कणांवरून सुटून खाली उतरायला मदतच होते.

चुन्याचं म्हणाल तर तो लोकांचा लाडका गैरसमज आहे. तीव्र अल्कलीत डीडीटीचं रूपांतर होतं ते डीडीईत, आणि डीडीई डीडीटीपेक्षाही चिवट. कागदावर डीडीटी कमी झालं म्हणून खूश व्हायचं, बस.

नमुने घ्यायला अनुभवी माणूस बोलवा, पण काय करतोय ते बघत राहा. संशयाच्या प्रत्येक जागी ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटर असे वेगळे थर घ्यायचे. स्वच्छ बाजूकडून घाणेरड्या बाजूकडे जायचं, उलट नाही. दर भोकानंतर ऑगर धुवायचा. नमुना काचेच्या बरणीत, बर्फाच्या पेटीत, आणि प्रयोगशाळेने चौदा दिवसांच्या आत त्यातलं औषध द्रावकात काढून घ्यायला हवं. चढावरच्या, कधीच न वापरलेल्या जमिनीचा एक नमुना हवाच, कारण आर्सेनिक काही खडकांत मुळातच असतं आणि तुलनेशिवाय तुम्ही निसर्गाचा दोष गोदामावर ढकलाल. प्रयोगशाळेला नुसतं "कीटकनाशकं तपासा" म्हणू नका. क्लोरीनयुक्त औषधांची यादी, त्यात डीडीई आणि डीडीडी (दोन्ही डीडीटी मोडून होतात), बीएचसीचे चार मुख्य समघटक (एकाच रेणूची वेगवेगळी रूपं), आर्सेनिक-तांबं-क्रोमियम-शिसं वेगळं, आणि डेपोच्या बाजूला पेंटाक्लोरोफिनॉल. तिथे ते जास्त निघालं किंवा कुठे २,४,५-टी सापडलं, तर त्या मोजक्या नमुन्यांपुरतं डायॉक्सिन. ती चाचणी महाग असते, सगळीकडे करत बसायची नाही.

डब्यांना तुम्ही हात लावायचा नाही. गंजलेला डबा उचलला की तळ खाली राहतो आणि औषध बुटांवर येतं. साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही. प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला लेखी कळवा आणि घातक कचऱ्याचा परवाना असलेल्यांकडूनच ते मोठ्या पिंपांत बंद करून घ्या. तिथून ते अशा भट्टीत जायला हवं जिथे क्लोरीनयुक्त कचऱ्यातून निघालेले वायू किमान ११०० अंशांवर दोन सेकंद तरी राहतात. बांधावर पेटवलेल्या आगीत एवढी उष्णता नसते. तिथे डायॉक्सिन तयार होतात, म्हणजे हाताने नवं विष बनवणं.

मग माती. लहान, दाट जागा असेल तर खणून काढणं हाच माझा कौल. कोरड्या दिवसात, माती किंचित ओलसर ठेवून, काढलेला ढीग खाली-वर ताडपत्रीत. खड्डा बुजवायच्या आधी तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने घ्या आणि निकाल येईपर्यंत खड्डा उघडा राहू द्या. एका ठिकाणी कंत्राटदाराने घाईने आदल्या संध्याकाळीच भराव टाकला, दुसऱ्या दिवशी अहवाल आला की एका भिंतीत अजून भरपूर शिल्लक आहे. सगळं पुन्हा उकरलं, आणि आता तो नवा भरावही दूषित धरावा लागला. भरावाची मातीही तपासलेली हवी, हे वेगळं सांगायला नको.

काढलेली माती फार असेल तर तिला तीनशे ते पाचशे अंशांपर्यंत तापवून विष वाफेत काढायची पद्धत आहे. यंत्रं मोठी, खर्च मोठा, चार एकरांच्या मालकासाठी क्वचितच परवडणारी. जंतूंकडून काम करून घेणं स्वस्त, पण जाहिरातीत वाटतं तितकं सोपं नाही: माती लोखंडाचा कीस आणि सेंद्रिय पदार्थ घालून आधी पाण्याने कोंडायची, मग हवा द्यायची, असे फेरे महिनोन्महिने. बीएचसीवर आणि काही प्रमाणात डीडीटीवर उतारा पडतो, डीडीई मात्र हटून बसतं. "बाटलीतले जिवाणू शिंपडा आणि विसरा" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

उरलेल्या मोठ्या क्षेत्रात प्रमाण थोडं असेल तर तिथे काही न उचलणंही शहाणपणाचं असू शकतं. बारीक सक्रिय कोळसा मिसळला की विष त्याला घट्ट धरून बसतं. प्रयोगशाळेचा आकडा खाली येत नाही, पण गांडुळात आणि पिकात जाणारं प्रमाण घटतं. (हे मिसळणं फक्त दाट जागा काढून झाल्यावर, तोवर नांगराची बंदी कायम.) किंवा स्वच्छ मातीचा थर देऊन कायमचं गवत, आणि जमिनीच्या कागदपत्रांत तशी नोंद.

वनस्पतींनी माती साफ करण्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. आर्सेनिक शोषणारं एक नेचं खरोखर आहे, टेरिस व्हिटाटा, २००१ मध्ये त्याचा बोलबाला झाला. पण ते वर्षानुवर्षं लावून कापावं लागतं आणि कापलेला पाला हाच घातक कचरा होतो. मला त्यातून वेगळाच धडा महत्त्वाचा वाटतो: भोपळ्याच्या कुळातली झुकिनी मुळांवाटे डीडीई ओढून खोडात आणि फळात नेते, इतर बहुतेक भाज्या तसं फारसं करत नाहीत. तेव्हा निकाल येईपर्यंत त्या कुळातलं काहीही तिथे लावू नका. जमिनीत वाढणारी कंदमुळंही नकोत, सालीला माती चिकटून येते.

विहिरीचं पाणी दोनदा तपासा, एकदा पाणी तळाला असताना आणि एकदा चांगला पाऊस मुरून गेल्यावर. एकाच अहवालावर विसंबू नका. उकळून किंवा तुरटी फिरवून भागणार नाही, आणि आर्सेनिक असेल तर उकळल्याने ते उलट दाटतं. पहिला अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.

आणि कोंबड्या. हा प्रश्न तुम्ही सहज म्हणून जोडलात, पण सगळ्यात तातडीचा हाच असू शकतो. कोंबडी चरताना माती गिळते, ही औषधं चरबीत साठतात आणि अंड्याच्या बलकात उतरतात. तेव्हा निकाल येईपर्यंत त्यांना मोकळ्या जमिनीवर सोडू नका, पक्क्या फरशीवर ठेवा आणि खाद्य बाहेरचं द्या. त्या आधीपासून तिथे चरत असतील आणि घरात त्यांची अंडी खाल्ली जात असतील, तर ती आता थांबवा आणि मातीच्या नमुन्यांबरोबर चार-सहा अंडीही त्याच प्रयोगशाळेत पाठवा.